पाणचक्कीची घंटा

आमची पाणचक्की आता ऐतिहासिक आहे. शेजारचं आमचं घरही. दोन्हींमध्ये एकच भिंत. त्यामुळे मीही थोडाफार ऐतिहासिक झालो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चक्की दाखवू लागलो. बढाया मारायला मला आवडतं. एका जळक्या तुळईपाशी मात्र मी घाईने पुढे सरकतो. तिथल्या पाटीवर लिहिलंय, 'कामगाराच्या दुर्लक्षामुळे लागलेल्या आगीची खूण.' मजकूर माझाच.

काल दुपारी सगळे गेले तरी एक बाई त्या पाटीसमोर उभ्याच होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या.

"काका, हा कामगार म्हणजे माझे बाबा," त्या म्हणाल्या.

चक्कीवाल्या मामांची मुलगी!

सगळी चक्की मामांवर चालायची. वरच्या पेटीतले दाणे संपत आले की घंटा वाजायची, आणि खाली पोती शिवत बसलेले मामा धावत वर यायचे. कारण दगड रिकामे फिरले तर एकमेकांवर घासून ठिणग्या उडतात, आणि हवेत पीठ असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला तर होतंच. पण माझी खोली भिंतीपलीकडे, वय सोळा, आणि दुपारची झोप फार प्यारी. मी घंटेच्या लोलकाला पायमोजा गुंडाळला. आग विझल्यावर सगळ्यांच्या आधी वर जाऊन तो काढूनही घेतला. वडिलांनी मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी दाराआडून सगळं ऐकलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

"बाबा म्हणायचे, घंटा वाजली असणारच, माझेच कान गेले," बाई सांगत होत्या. "डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कान ठणठणीत आहेत म्हणाले. बाबांना पटलंच नाही. पुन्हा कुठल्या चक्कीवर गेले नाहीत. आम्ही हाक मारली तरी विचारायचे, 'खरंच मारलीस ना?' गेल्या महिन्यात वारले. जाताना म्हणाले, मालकांच्या घरी जा, माझ्या वतीने माफी माग. कराल ना त्यांना माफ?"

आता तरी बोल, मी स्वतःला म्हटलं. बाईंचे बाबा कुठेही असोत, त्यांचे कान त्यांना परत दे. एवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"अहो, झालं गेलं," मी म्हणालो. "चुका माणसाकडूनच होतात. आम्ही त्यांना कधीच माफ केलंय."

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडल्या, हसल्या आणि हलक्या मनाने निघून गेल्या.

शरमेने मला मान वर करवेना. बायकोला वाटलं, मी गहिवरलो.

"चाळीस वर्षं संसार केला," ती म्हणाली, "पण तुमचं मन एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं हो."