संबळात एक शिट्टी

कुकरची शिट्टी. एकच.

जलपर्णी ओढायचा लांब बांबूचा आकडा.

रुपालीचे झुबे. माझ्याबरोबर बाहेर पडताना ती साधे टॉप्स घालते.

केकवर क्रीमनं लिहिलेलं: प्रेस शॉप, ३६५ दिवस, शून्य अपघात.

संबळाच्या दोन काड्या. एक सरळ, एक टोकाला वाकलेली.

हे सगळं एकाच ठिकाणी होतं. मोशीजवळ, इंद्रायणीत, नौशादभाईच्या क्रूझवर. क्रूझ म्हणजे पिंपांवर बसवलेला लोखंडी डेक, वर झालर, मागे डिझेल इंजिन. नौशादभाई आधी चाकणला जनरेटर दुरुस्त करायचा. आता संध्याकाळी लोकांना पुलापासून बंधाऱ्यापर्यंत नेतो आणि परत आणतो. तेवढ्यात मासवडी, भाकरी आणि गोंधळ.

कंपनीनं प्रेस शॉपच्या सगळ्यांना बायकांसकट बोलावलं होतं. गोंधळ कोण घालतो हे कंपनीला माहीत नव्हतं. मला होतं. रुपालीलाही होतं, म्हणून झुबे.

रंगा. माझा धाकटा भाऊ. बोर्डावर ‘रंगराव आणि पार्टी’. पार्टी कुठे दिसली नाही.

लाल अंगरखा, गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला संबळ. आमच्या घरातला. मी वाजवणं सोडल्यावर तो घेऊन गेला. डेकवर गॅसची टाकी, म्हणून दिवटीच्या जागी बॅटरीचा दिवा. मला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. सुपरवायझरनं हातातली भाकरी खाली ठेवली.

रंगाच्या उजव्या हाताला जरीचा पट्टा होता. त्याखाली तीनच बोटं आहेत. अंगठ्याशेजारची दोन सहा वर्षांपूर्वी आमच्याच शॉपमध्ये, पॉवर प्रेसखाली गेली. त्यानं कंपनी सोडली. मी परमनंट झालो.

त्यानं देवीला हाक दिली आणि संबळ कडाडला.

“तीन बोटांनी,” रुपाली म्हणाली. “तुम्ही पाचांनीही असं कधी वाजवलं नाहीत.”

मी मासवडी खाल्ली. तिला चव नव्हती. रुपालीनं दुसरीही खाल्ली, रंगाकडे बघत.

मग शिट्टी झाली.

लोकांना वाटलं, मागच्या स्वयंपाकघरातली. ती निघोज्याची होती. सहा वर्षांपूर्वी तिथल्या एका लग्नघरात गोंधळाला मी वाजवत होतो, आत कुकरला भात लावला होता आणि व्हिडिओवाल्यानं संबळाबरोबर शिट्टीही टिपली. त्यानंतर मी संबळाला हात लावलेला नाही. म्हणजे स्पीकरमधून मी वाजत होतो. शिट्टीच्या आधीचा तुकडा माझा, नंतरची चढती लय माझी. टाळ्या त्याला.

दोन बोटं गेलेल्या माणसाचा हेवा वाटतो, हे कोणाला सांगणार? मला वाटत होता. कवड्यांसाठी, खाली ठेवलेल्या भाकरीसाठी, झुब्यांसाठी.

मी उठलो. मागे इंजिनाशेजारी टेबलावर नौशादभाईचा फोन स्पीकरला जोडलेला होता. भाई कडेला वाकून आकड्यानं जलपर्णी ओढत होता. मी वायर उपटली.

संबळ गेला. उरलं टप्, टप्, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. रंगा लगेच थांबला नाही. चार-पाच ठोके तसेच मारले, मग मागे पाहिलं. वायर माझ्या हातात होती.

मला हेच हवं होतं. आता अख्ख्या डेकला कळणार होतं.

त्यानं माइक घेतला.

“मंडळी, मघापासून वाजवत होता तो माझा दादा. फोनमधून. मी नुसता उभा होतो. आज तो इथंच आहे.” आणि कमरेची दोरी सोडत माझ्याकडे बघून म्हणाला, “ये दादा, बांध.”

एवढ्या वेळातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. पुन्हा त्यालाच. सुपरवायझर उभा राहिला होता. रुपाली डोळे पुसत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

रंगानं संबळ माझ्या कमरेला बांधला. तीन बोटांनी गाठ मारायला वेळ लागतो. मी मदत केली नाही. माझ्या कानाशी येऊन तो हळूच म्हणाला, “शिट्टीच्या आधीचा तुकडा वाजव. माझा तो शिकायचा राहिला.”

मी वाजवला. हात जड झाले होते, दोनदा चुकलो. रंगा शेजारी दिवा धरून उभा राहिला. लोक दिव्याकडे बघत होते.

पुलाखाली आल्यावर केक कापला. पहिला तुकडा सुपरवायझरनं रंगाला भरवला, दुसरा मला.

निघोज्याच्या त्या गोंधळाच्या दिवशी सेकंड शिफ्ट माझी होती; प्रेसवर माझ्या जागी रंगा उभा राहिला.