नॉर्मल म्हणून दिलेलं रक्त

पहिल्यांदा : ७४

"परत पाठवा हे डबडं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धडधाकट माणसाचं थायरॉइडचं टीएसएच चौऱ्याहत्तर दाखवतंय. पाचाच्या आत हवं!"

इंजिनिअर नव्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. तिथूनच त्याने विचारलं, "रक्त कुणाचं लावलं होतं, मॅडम?"

"आमच्या स्वेटरताईंचं."

स्वेटरताई कोपऱ्यातल्या स्टुलावर नळ्यांना लेबलं लावत होती. पंख्याखालीही सगळ्यांना घाम फुटलेला आणि हिच्या अंगात तपकिरी स्वेटर. लॅबची जुनी पद्धत होती : नवं मशीन आलं की कंपनीचे नमुने लावून झाल्यावर शेवटी आपल्यातल्याच कुणाचं तरी रक्त 'नॉर्मल' म्हणून लावून बघायचं. दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणाऱ्यांना स्वतःची पाळी आली की हमखास कामं आठवतात. हिला एकही आठवलं नाही. नाही म्हणायलाही अंगात थोडं त्राण लागतं. तिने मुकाट्याने हात पुढे केला होता.

दुसऱ्यांदा : ७६

नळ्या धुतल्या, रसायन बदललं, मशीन पुन्हा गुरगुरलं.

"वाढलं की हो!" काउंटरवालीने टाळी दिली. "ताई, तुम्ही मशीनलाही आळस चढवलात."

ती हसली. हसायला तिला नेहमी क्षणभर उशीर व्हायचा. तोवर बाकीचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे.

हा उशीर अकरा वर्षांचा होता. आधी सगळे म्हणाले थकवा आहे, मग म्हणाले मनाचं आहे. मनाच्या गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, वाढल्या. नवरा आधी समजूत काढायचा, मग चिडायचा, मग नुसता बघायचा. मुलगी बारा वर्षांची असताना एका पहाटे शाळेच्या सहलीची बस तिला न घेताच गेली, कारण हाका मारून मारून आई उठली नाही. त्याच सुट्टीत मावशीने मुलीची बॅग भरली. "तू बरी होईपर्यंत," मावशी म्हणाली होती. मुलगी आता एकोणीसची झाली होती आणि अजून मावशीकडेच होती.

आणि या सगळ्या वर्षांत ती रोज लोकांच्या थायरॉइडच्या नळ्या मशीनला लावत होती. रोज तीस, कधी चाळीस. स्वतःची एक लावावी असं तिच्या मनात आलं नाही. तपासायचं ते आजाऱ्यांचं. आपण आजारी नाही, आपण अशाच आहोत, हे तिला पाठ झालं होतं.

तिसऱ्यांदा, काउंटरवालीचं रक्त : २.१

इंजिनिअरने झाकण लावलं. आवाज न करता.

डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. हनुवटी वर केली, गळा चाचपला, मग तिच्या विरळ भुवयांकडे बघत राहिल्या.

"आवाज कधीपासून घोगरा आहे?"

"असाच आहे, मॅडम."

"असाच नसतो हो." त्या खाली बसल्या. "नऊ वर्षं तुमच्यासमोर बसते मी. नऊ वर्षं!"

नवा नमुना दुसऱ्या लॅबला गेला. तिथेही तेच निघालं. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून गोळी लिहून दिली. "रोज सकाळी, उपाशीपोटी. आधीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. उदासी सगळी यामुळेच होती असं मी म्हणणार नाही. पण हे असं असताना त्या गोळ्यांनी तरी एकट्याने किती ओढायचं?"

नंतर, फोनवर : आकडा नाही

"हं, आई." मागे नळ वाहत होता.

"माझं थायरॉइड निघालंय."

"म्हणजे काय होतं?"

"गळ्यात एक ग्रंथी असते. ती काम करेनाशी झाली की माणूस मंदावतो. झोप येते, थंडी वाजते. उदास वाटतं."

नळ बंद झाला.

"कधीपासून आहे?"

"ते आता कळायचं नाही. कुणाचंही रक्त लॅबमध्ये सात दिवस ठेवतात, मग टाकून देतात."

"सहलीच्या वेळी होतं?"

'होतं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर येऊन बसला. तो म्हटला असता तर ती पहाट, ती बॅग, ही सात वर्षं, सगळं गळ्यातल्या त्या ग्रंथीच्या माथी गेलं असतं, आणि मुलीने ते मानलंही असतं. पण न तपासलेल्या नमुन्याचा आकडा तिने उभ्या नोकरीत कधी लिहिला नव्हता.

"असेल. नसेलही. माहीत नाही गं मला."

पलीकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "मी दोन तास जिन्यात बसले होते, आई. डबा घेऊन. तू कधी विचारलंसुद्धा नाहीस."

"नाही विचारलं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता विचारते. डब्यात काय होतं?"

"ब्रेड." मुलीचा आवाज बारीक झाला. "मीच भरला होता. कडा कापून. तू आधी कापायचीस ना, तशा."