माझ्या पोटात नारळाचं पाणी

मित्रांनो, जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार आहे मी. आधीच सांगते, मी रागात आहे!

कोलकात्याच्या एका कारखान्यात जन्मले आणि लातूरला अमरनाथकाकांच्या ऑर्केस्ट्रात आले. बारा वर्षं लग्नांत वाजले. लोक शिट्ट्या मारायचे. मग कीबोर्ड आला. त्याच्या एका बटणात म्हणे माझाही आवाज होता! काकांनी मला सोयाबीनच्या पोत्यांमागे ढकललं. पाच वर्षं कुणी साधं फडकंही फिरवलं नाही.

मला बाहेर काढलं काकांच्या पुतणीने, दहावीतल्या मंजुश्रीने. ती आणि नांदेडहून सुट्टीला आलेली तिची मैत्रीण लुंबिनी १९८१-८२ सालच्या ब्रिटिश पॉप गाण्यांवर फिदा होत्या. शब्द रडवे, पण गिटार मात्र उड्या मारणारी! तसाच अल्बम दोघींनी आपल्या मराठीत करायला घेतला. नाव 'ट्यूशन सुटल्यावर'. आठपैकी सात गाणी झाली. मी किती लख्ख वाजले म्हणून सांगू!

आठवं राहिलं आणि खंडेनवमी आली. रेकॉर्डिंगची पेटी लुंबिनीच्या भावाची, त्याच दिवशी चारच्या गाडीने नांदेडला परत जायची होती. पण काकांनी सकाळीच मला पाटावर निजवलं, विभूती लावली आणि माझ्या अंगावरच नारळ फोडला. पाणी तारांखालून थेट पोटात!

मंजुश्री धावत आली. "काका, काय केलंत हे?"

"पूजा केली. आता उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई."

"आमचं एक गाणं राहिलंय!"

"त्या विलायती टिणटिणीला गाणं म्हणती व्हय? देवापेक्षा मोठं हाय का ते?"

"पाच वर्षं ही पोत्यामागं सडत पडली, तवा कुठं होता तुमचा देव?"

काकांचा चेहरा लाल झाला. "जबान सांभाळ, पोरी!"

मंजुश्रीने मला पाटावरून उचललंच. वायर जोडली, तर आतून नुसतं खर्र खर्र. लुंबिनीने स्क्रू काढले. आत हिरवा गंज होता आणि त्यावर नारळाचं पाणी. वहीने वारा घातला, कापसाने टिपलं. काही उपयोग झाला नाही. तीन वाजले.

"वायर काढ," लुंबिनी म्हणाली. "तशीच वाजव. माईक तारांना चिकटवून धरते."

विजेशिवाय माझा आवाज केवढासा! मंजुश्री दात-ओठ खाऊन वाजवत होती.

काका दारातून म्हणाले, "डास गुणगुणल्यावानी वाजायली."

"मग कान जवळ आणा," लुंबिनी म्हणाली. काकांनी आणले नाहीत.

गाणं झालं, पेटी गाडीत चढली. अल्बम ऐकणारे आता विचारतात, शेवटचं गाणं इतकं हळू का? काही कलाबिला नाही हो त्यात. मी बिघडले होते, आणि अजूनही बिघडलेलीच आहे.

मित्रांनो, वाद्याची पूजा खुशाल करा. पण वर्षभर त्याला पुसा, तारा बदला, वाजवा. आणि कृपा करून नारळ अंगणात फोडा!