खर्ड्याच्या नावाखाली

वडिलांच्या ई-मेलमधल्या पत्त्यांच्या यादीत सदतीस नोंदी होत्या, पण एकीलाही माणसाचं नाव नव्हतं. नगर, पारनेर, पाथर्डी, खर्डा अशी नुसती गावं होती. प्राध्यापक कचरू साळवे परवा वारले होते. त्यांच्या जलदान विधीचं मस्कतला असलेल्या भावाला, महेंद्रला कळवायचं, तर त्याचा नंबर नसलेल्या माधुरीकडे या यादीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. त्यानं मनाविरुद्ध लग्न केल्यापासून चार वर्षं बापलेकांत अबोला होता.

“आई, आपल्या ‘नगर’मध्ये दादा नाही गं.”

“एवढी शिकलीस, आन् येवढं कळंना? लग्न झाल्याला माणूस तुजे बाबा सासुरवाडीनंच वळखायचे,” कलाबाई म्हणाली. “आपली सून कुठली?”

माधुरीनं ‘खर्डा’ उघडलं. पत्ता महेंद्रचाच होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं चार ओळी पाठवल्या. “निघतो,” असं उत्तर एकशेबारा मिनिटांनी आलं.