सायकलवाटेचं तोंड

ज्या राधेश्यामनं तीन फूट जमीन सोडायला मला चार महिने चपला झिजवायला लावल्या, त्यानंच ग्रामसभेत उभं राहून सहा फूट दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो, मूर्खासारखा.

मी अप्पाराव. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात बत्तीस वर्षं टपाल वाटलं. ग्रामीण डाकसेवक, म्हणजे काम सरकारचं आणि पेन्शन देवाघरी. गावाच्या दक्षिणेला आमची बौद्धवस्ती. वस्तीपासून ओढ्याच्या काठानं पिंपळगाव रेणुकाईपर्यंत जुना शिवरस्ता जातो. नकाशात तो अजून आहे. जमिनीवर मात्र दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दरसाल नांगराचं एकेक तास आत घालत तो गिळून टाकला.

माझी नात साक्षी आठवीत होती, शाळा पिंपळगावला. डांबरी रस्त्यानं सायकलवर जायची. त्या रस्त्याला, आमच्या वस्तीला लागूनच, खडी क्रशरचं वळण आहे. दिवाळीआधी तिथं आमच्याच गल्लीतल्या मिथुनला डंपरनं चिरडलं. तोही सायकलवरच होता. माती देऊन आल्यावर माझी सून बेबीनंदा म्हणाली, "मामा, उन्हाळ्यापर्यंत मजुरी बुडवून मी तिला पायी सोडीन. जूनमधी दुसरी वाट न्हाई निघाली तर शाळा बंद. तुमचा पोरगा गेला, आता मला एकच लेकरू हाये."

तहसीलवाले म्हणाले, शिवरस्ता मोकळा करून देऊ, पण कडेच्या शेतकऱ्यांच्या सह्या आणा, म्हणजे नंतर भांडणं नकोत. मी कामाला लागलो. आयुष्यभर दारोदार हिंडलेला माणूस, कोणाच्या घरात काय दुखतं ते मला ठाऊक. ज्याला साखर होती त्याला सांगितलं, रोज सकाळी तासभर चाललात तर गोळी अर्ध्यावर येईल. प्रभावतीबाईंना सांगितलं, रेणुकाईच्या दर्शनाला पायी जाता येईल, गाड्यांचा ताप नाही. सोमेश्वरला सांगितलं, रविवारी जालन्याचे सायकलवाले येतील, तुझी भज्याची टपरी चालेल. फिरायला आणि सायकलला चांगली वाट म्हटल्यावर लोक ऐकून घ्यायचे, चहाही द्यायचे, ओसरीवर. सही मात्र कोणी करेना. "बघू अप्पा," म्हणायचे.

त्या सहीवाल्यांतला कारभारी शाळेत माझ्या वर्गात होता. तो मला अरे म्हणतो, मी त्याला अहो. पण माणूस मनानं वाईट नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. तोच म्हणाला, "अप्पा, तुझ्या नावाचा कागद हाये म्हणून लोक बिचकून राह्यले. अर्जदार म्हणून माझं नाव टाक. मंग बघ कशा जल्दी सह्या होतात."

मला पटलं. खरं म्हणजे पटलं नव्हतं, पण पोरीची शाळा डोळ्यांसमोर होती आणि आमच्याकडं पुढं कोण आणि मागं कोण हे ठरलेलंच असतं. अर्ज मी लिहिला, नकाशा मी काढला, नाव कारभारीचं घातलं. पुढच्या तीन आठवड्यांत छत्तीस सह्या झाल्या. तो सायकलवाटेची गोष्ट सांगायचा, मी शाईचा पॅड धरून मागं उभा राहायचो. प्रत्येक घरी माझेच शब्द त्याच्या तोंडून ऐकायचो आणि खूश व्हायचो.

राहिला फक्त राधेश्याम. वाटेचं तोंड त्याच्या शेताला लागून, आमच्या वस्तीसमोर. तो एप्रिलच्या ग्रामसभेत उठला आणि म्हणाला, "वाट व्हायलाच पायजे, बिलकुल. पण चांगल्या कामाची सुरवात मारुतीच्या पारापासून करा. आपल्या आयाबाया फिरतील, रेणुकाईला जातील, त्यांनी काय त्या टोकाला जाऊन सुरवात करायची? पाराजवळच्या माझ्या शेतातून सहा फूट घ्या, फुकट."

टाळ्या झाल्या. मग माझ्या ध्यानात आलं. पारापासून निघालेली वाट ओढ्याला पार पुढं जाऊन मिळणार होती, आमच्या वस्तीला टाळून. आम्हाला त्या पारापर्यंत जायचं तर डांबरी रस्त्यानंच जायचं, क्रशरच्या वळणावरून. त्यांच्या आयाबायांना आमच्या वस्तीसमोरून चालायला लागू नये म्हणून राधेश्यामनं दुप्पट जमीन दिली होती. इतका उदार माणूस मी आयुष्यात पाहिला नाही!

मी उठलो. "हे चालणार न्हाई. वाट वस्तीपासून हाये, नकाशात बघा," म्हणालो. ग्रामसेवकानं कागद उलटला आणि विचारलं, "अर्जदार कोण?"

सगळे कारभारीकडं बघायला लागले. तो गुडघ्यावरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "बदल मंजूर हाये. गावात एकी ऱ्हायली पायजे."

भीड भिकेची बहीण म्हणतात. मी भिडेपोटी नाव मागं घेतलं आणि हक्क गमावला. माझा राग राधेश्यामवर नव्हता, तो पहिल्यापासून तसाच. राग कारभारीवर होता आणि त्याहून जास्त स्वतःवर. मी तहसीलला दोन अर्ज दिले. तिथं सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आहे, छत्तीस सह्या आहेत, तुमचं म्हणणं काय?

मे महिन्यात मुरूम पडला. जूनमध्ये साक्षीची शाळा सुटली. मी म्हणालो, पारापर्यंत मी रोज सोडतो. बेबीनंदा म्हणाली, "अन् डंपरखाली दोघंबी जा. शिवाय ज्यांनी आपल्याला टाळायला वाट फिरवली, त्यांच्यातून रोज माझी पोरगी एकटी धाडू? कोणी काही बोललं तर तुम्ही जाल का भांडायला?" साक्षी आईबरोबर मिरची तोडायला जायला लागली.

ऑगस्टमध्ये एके दिवशी कारभारी वस्तीत आला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात. उभ्याउभ्याच बोलला, "अप्पा, उद्या वाटेचं उद्घाटन हाये. पेपरवाले येऊन राह्यले. त्यांना फोटोला सायकलवर एक पोरगी पायजे, शाळेच्या ड्रेसमधी. बाकीच्या पोरींकडं स्कूटी हायेत. साक्षीला धाड."

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या. बत्तीस वर्षं सगळ्यांची पत्रं वाचून दाखवली त्या तोंडातून एक शिवी निघेना. "चालता हो," म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात साक्षी आतून बाहेर आली. मिरचीनं तिची बोटं लाल झाली होती.

"आबा," ती म्हणाली, "जाऊ द्या ना. एकडाव तरी चालवीन."

बेबीनंदानं तोंड फिरवलं. मी कारभारीला हो म्हणालो.

सकाळी डांबरी रस्त्याच्या कडेनं आम्ही दोघं सायकल ढकलत गेलो. डंपर जातात त्या बाजूला मी चाललो. पाराजवळ नारळ फुटला, कारभारीच्या गळ्यात हार पडला. साक्षी सायकलवर बसली आणि सुटली. ओढ्यापर्यंत गेली, वळून आली, पुन्हा गेली. पोरगी हसत होती. चार महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं.

तिसऱ्यांदा वळली तेव्हा फोटोवाल्यानं कॅमेरा बॅगेत घातला होता. राधेश्याम म्हणाला, "बास, पोरी, उतर आता. लोकांना चालू दे."

ती उतरली. माझ्याकडं न बघता तिनं सायकल हातात घेतली आणि डांबरी रस्त्याकडं वळली. नऊला मिरचीच्या शेतात हजेरी असते.