आठ बोटांच्या खाचा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं आहे, पण माझ्याकडे तुमचं लक्ष नव्हतं. जुन्या चिनी कुंग-फू चित्रपटांत खानावळीचा एक प्रसंग हमखास असतो. नायक एकटाच येऊन बसतो, पुढ्यातला वाडगा उचलतो, आणि पहिला घोट घेतो न घेतो तोच दारात आठ-दहा गुंड उभे राहतात. तो शांतपणे वाडगा खाली ठेवतो. त्या वेळी तुम्ही सगळे त्याच्या डोळ्यांकडे बघत असता. तो ज्याच्यावर बसलेला असतो, तो मी. साडेचार फूट लांब, वीतभर रुंद, बारा किलो वजनाचा जुना लाकडी बाक.

माझा जन्म मात्र चित्रपटासाठी झाला नव्हता. मला एका तालमीसाठी बनवलं होतं. तिथले वस्ताद पोरांना कोलांट्या, लाठी आणि उंच लाथा शिकवत. पोरं तिथेच राहत, तिथेच जेवत आणि तिथेच झोपत. त्यातली दोन माझ्या विशेष ओळखीची. मोठा अंगाने भरलेला. जिन्यावरून गडगडत खाली यायचा आणि हसत उठायचा, म्हणून त्याचं नाव गडगड्या. धाकटा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, काड्यांसारख्या पायांचा, म्हणून तो टिटवी. ते सख्खे भाऊ नव्हते. पण तालमीत आधी आलेल्याला दादा म्हणायची रीत होती, आणि टिटवी ती मनापासून पाळायचा.

वस्तादांचा एक नियम होता. धाकटा चुकला की छडी मोठ्याला. कारण धाकट्याला तयार करायचं काम मोठ्याचं.

गुडघे वाकवून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून पोरांना उभं राहावं लागे. दोन्ही मांड्यांवर पाण्याने भरलेले वाडगे. दहाव्या मिनिटाला टिटवीचे पाय थरथरायला लागत. वाडगा पडला की गडगड्या माझ्यावर पालथा पडायचा आणि दोन्ही हातांनी माझ्या कडा खालून घट्ट धरायचा. छडी बसली की त्याची नखं माझ्यात रुतायची. नखाने लाकडात खाच पडते का, असं तुम्ही विचाराल. एका दिवसात नाही पडत. पण घामाने लाकूड थोडं मऊ होतं, आणि चार वर्षं तीच बोटं त्याच जागी दाबत राहिली तर पडते. माझ्या एका टोकाला खालच्या बाजूने अशा आठ खाचा आहेत. चार डावीकडे, चार उजवीकडे.

टिटवी माझ्याखाली झोपायचा. झोप लागेपर्यंत तो हात वर करून त्या खाचांमध्ये बोटं घालून पडायचा. तोंडाने कधी काही बोलला नाही. मला वाटतं, ती त्याची माफी मागायची पद्धत होती.

पुढे वस्ताद गेले, तालीम बंद पडली आणि मी चित्रपटांच्या स्टुडिओत आलो. तिथल्या सुतारकाकांनी मला तीन थर काळा रंग दिला आणि धुरावर धरून माझं वय आणखी वाढवलं. रंग अर्थात वरूनच. खाली कोण रंगवतं? कॅमेरा खाली बघत नाही.

आता माझ्या जोडीदाराबद्दल सांगतो. खानावळीत नायक ज्या बाकावर बसतो, तोच उचलून गुंडाच्या पाठीत घालतो आणि बाकाचे दोन तुकडे होतात, असं तुम्हाला दिसतं. खरं म्हणजे ते दोन बाक असतात. बसायला मी, मोडायला तोतया. तोतया हलक्या, सच्छिद्र लाकडाचा असतो. मधोमध तो दोन तृतीयांश कापलेला असतो, आणि ती चीर मेण व लाकडाचा भुसा भरून, वर रंग देऊन लपवलेली असते. सुतारकाका माझी अशी हुबेहूब नक्कल करत की शेजारी ठेवल्यावर मलाच क्षणभर संशय यावा. फक्त खालच्या खाचा ते कधी कोरत नसत. त्या त्यांनी बघितल्याच नव्हत्या.

प्रत्येक चित्रपटात एक तोतया मोडायचा आणि टाळ्या त्याला मिळायच्या. मी कोपऱ्यात परत. कधी माझ्यावर रंगाचे डबे ठेवत, कधी कोणी भिजलेले बूट.

आणि एक दिवस ते दोघे आले. टिटवी आता मोठा नट झाला होता. भिंतीएवढ्या फलकांवर त्याचा चेहरा होता. गडगड्या स्टंटमन होता, म्हणजे त्याचा चेहरा कुठेच नव्हता. टिटवी मारायचा, गडगड्या मार खायचा. लोकांसमोर तो त्याला साहेब म्हणायचा, आणि दोघेच असले की, "टिटव्या, लाथ जरा खाली घे रे, म्हातारा होत चाललोय मी!" टिटवी अजूनही दादाच म्हणायचा. पण मला दोघांनीही ओळखलं नाही. टिटवी माझ्यावर बसायचा, पण उचलायचा तोतयाला. त्याचा हात माझ्या खाली कधी गेलाच नाही.

स्टुडिओत एक पद्धत होती. ज्याच्या पाठीवर बाक मोडायचा, त्याने तो आधी स्वतः उचलून बघायचा. हलका लागला तर तोतया, जड लागला तर मी. साधी परीक्षा, आणि कधी न चुकलेली.

मग एका चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक सुतारकाकांना म्हणाले, "तुमचा बाक उचलताना हिरो उशी उचलल्यासारखा दिसतो हो. दंडाची शीर फुगत नाही, चेहऱ्यावर ताण नाही. लोक हसतात."

सुतारकाकांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी नवा तोतया केला आणि त्याच्या एका बाजूच्या दोन पायांमध्ये लोखंडाच्या कांबी बसवल्या. ही बाजू मारणाऱ्याच्या हाताकडे राहणार. पाठीवर आदळणारं टोक हलकंच. वजन बरोबर माझ्याएवढं, बारा किलो. त्यांची मुलगी स्टुडिओत रंगकाम करायची. तिला ते म्हणाले, "आता बोला म्हणावं. कुणाला फरक कळला तर नाव बदलीन."

मित्रांनो, चूक इथे झाली, आणि ती अभिमानाच्या आवाजात झाली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी टिटवी माझ्यावर बसल्याचं दृश्य झालं. सुट्टीनंतर बाक मोडायचा होता. मी टेबलापाशी होतो, तोतया मागच्या दाराजवळ. सगळे जेवायला गेले, तेव्हा सुतारकाका थांबले. त्यांनी मला दाराजवळ नेलं आणि तोतयाला टेबलापाशी ठेवलं. बरोबर केलं. मग ते मागच्या शेडमध्ये कठड्याचं काम करायला गेले. थोड्या वेळाने त्यांची मुलगी आली. बाबा कामात आहेत, अदलाबदल राहिली असेल, असं तिला वाटलं. तिनेही दोन्ही बाक बदलले. एरवी हाताला वजन कळलं असतं. आज दोन्ही सारखेच जड होते. मी पुन्हा टेबलापाशी आलो.

दोघांनीही काळजीच घेतली होती. फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं.

सगळे परतले. दिवे लागले. फाइटमास्तरांनी गडगड्याला उभं राहायची जागा दाखवली. "पाठ इकडे. मान आत घे. तो दोन पावलं येईल, तिसऱ्याला पाठीत. लागलं की सरळ पुढे पडायचं, वळायचं नाही."

"तीस वर्षं पडतोय मास्तर," गडगड्या म्हणाला, "आज नव्याने शिकवू नका." आणि नेहमीच्या सवयीने त्याने वाकून मला मधोमध धरून एका हाताने उचललं.

"बाप रे! जड आहे की हा!"

"असणारच," सुतारकाकांची मुलगी हसून म्हणाली. "बाबांनी आत लोखंड घातलंय."

"हां, ते सांगितलं होतं मला. मग ठीक."

मी त्याच्या हातात होतो. मला तोंड नाही. पण एक गोष्ट मी करू शकत होतो, आणि ती मी केली. मी आडवा राहिलो. तराजूच्या दांडीसारखा, अगदी सपाट. तोतयाचं लोखंड एकाच बाजूला होतं. तो मधोमध उचलला असता तर त्या बाजूला कलला असता. मी कललो नाही. माझ्या अंगातला प्रत्येक तंतू सांगत होता, बघ, मी कललो नाही! हे वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो शेडमध्ये रंधा मारत होता.

गडगड्याने मला खाली ठेवलं. उचलून बघायचा नियम पाळला गेला होता. फक्त त्या नियमाला आता काहीच कळत नव्हतं.

"शांतता!" कुणीतरी ओरडलं. शेडमधला रंधाही थांबला. कॅमेरा सुरू झाला. मारामारीच्या वेळी तो मुद्दाम जरा सावकाश चालवतात, सेकंदाला चोवीसऐवजी वीसच चित्रं, म्हणजे पडद्यावर सगळं जास्त चपळ दिसतं. मला मात्र ते क्षण फार लांब वाटले.

टिटवीने पायाने टेबल उलटवलं. वाकून माझं एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मला डोक्यावर नेलं. पहिलं पाऊल. समोर गडगड्याची पाठ. सदऱ्याखाली गादी नव्हती, कारण गादी पडद्यावर दिसते. दुसरं पाऊल. टिटवीने पकड घट्ट करण्यासाठी बोटं माझ्या कडांखाली आणखी आत सरकवली.

बोटं खाचांमध्ये बसली.

त्या खाचा एका लहान मुलाच्या हाताच्या मापाच्या होत्या. मोठ्या माणसाच्या बोटांना त्या जरा जवळजवळ पडतात. पण हाताला आठवण असते. मला त्याच्या तळव्यातला झटका कळला. तोतयाला खाचा नसतात. हा तोतया नाही.

बारा किलोचं लाकूड एकदा डोक्यावरून खाली यायला लागलं की थांबत नाही. ते थांबवणं कोणाच्याही हातात नसतं. फक्त वळवता येतं, तेही अंग त्याच्या वाटेत घातलं तरच. टिटवीने कंबर पिळली आणि उजवा खांदा माझ्या ओघात घातला. गडगड्याच्या कानापासून चार बोटांवरून मी गेलो. त्याचे केस हलले. मी खानावळीच्या खांबावर आदळलो. आतून तो खांब लोखंडी नळाचा होता.

आवाज झाला आणि गडगड्या पडला. त्याला काहीच लागलं नव्हतं. पण तीस वर्षांची सवय, आवाज झाला की पडायचं. तो सरळ, सुंदर पडला, जराही वळला नाही.

"अप्रतिम!" दिग्दर्शक खुर्चीतून उठले. "खांबाला मारायची कल्पना कुणाची?"

टिटवी गुडघ्यांवर बसला होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, आणि चेहरा पांढरा पडला होता.

गडगड्या धूळ झटकत उठला. "काय रे टिटव्या," सगळ्यांसमोरच तो ओरडला, "पाठ इकडे आहे! खांबाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"दादा," टिटवी दात आवळून म्हणाला, "त्याच्या खाली हात घाल."

"कशाच्या?"

"बाकाच्या. घाल ना."

गडगड्याने वाकून हात घातला. त्याचा हात चाचपडत पुढे गेला आणि एका जागी थांबला. बराच वेळ त्याने तो बाहेर काढला नाही. मग तो टिटवीशेजारी जमिनीवर बसला आणि हळूच म्हणाला, "मूर्खा. हात गेला ना तुझा."

"तुझी पाठ गेली असती."

"पाठीला सवय आहे माझ्या."

"म्हणूनच," टिटवी म्हणाला.

सुतारकाका धावत आले. दाराजवळचा तोतया त्यांनी उचलला. तो एका बाजूला कलला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "मी बदलले होते गं."

"मीपण बदलले, बाबा."



टिटवीचा खांदा पुन्हा जागेवर बसवला, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. एका हातावर उलटं उभं राहणं त्याला पुन्हा कधीच जमलं नाही, आणि दोन वर्षांनी फलकांवरचा चेहराही बदलला. खांबाचं ते दृश्य चित्रपटात तसंच ठेवलं आहे. लोक तिथे अजून शिट्ट्या मारतात. नीट बघितलंत तर मारल्यानंतर नायकाचा उजवा हात चौकटीत परत येत नाही.

माझ्या पाठीवर तेव्हापासून एक लांब चीर आहे. सुतारकाका मला फोडून जाळायला निघाले होते. गडगड्याने त्यांची कुऱ्हाड वरच्या वर धरली. "काका, बोलला असता तर यानेच सांगितलं असतं. याचा काय दोष?"

आता मी त्या दोघांच्या तालमीत असतो. गडगड्या पडायला शिकवतो, टिटवी एक खांदा खाली ठेवून लाथा शिकवतो. पोरांच्या मांड्यांवर वाडगे अजून ठेवतात, आणि ते अजून पडतात. पण माझ्यावर पालथं कोणालाच पडावं लागत नाही. वाडगा पडला की फरशी पुसायची आणि पुन्हा उभं राहायचं, एवढंच. सुतारकाकांची मुलगी सराव-बाक करून आणते. इथे एक नवी रीत आहे. बाकाला हात लावला, हलवला, बदलला, की मोठ्याने सांगायचं, "बाक बदलला!" आणि ज्याच्या पाठीवर तो येणार आहे त्याने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "ऐकलं!" तोपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही. नवी पोरं या ओरडण्याला हसतात. मग गडगड्या त्यांना माझ्या खाली हात घालायला लावतो, त्या दिवसाची गोष्ट सांगतो, आणि पुढच्या वेळी तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडतात.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हात टाकू नका, असं मागायची माझी इच्छा होती. पण ते राहू द्या. तुम्ही दुसऱ्याच्या काळजीने काही केलंत, तर ते त्याला सांगा. मी त्या दिवशी एका माणसाच्या हातात होतो, मला सगळं माहीत होतं, आणि मला फक्त आडवं राहता आलं. तुम्हाला तर तोंड आहे.