मशीन चांगलं होतं, असं लिहून द्या

वहिनी शिलाईची कामं घेत, आणि गिऱ्हाइकासमोर शिवण दोन्ही हातांनी ओढून दाखवल्याशिवाय कपडा देत नसत. त्यामुळे हप्त्यावर घेतलेलं नवं मशीन टाके सोडतंय, हे पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. कंपनी म्हणाली, दोष तुमच्या हाताचा. वहिनींनी हप्ते थांबवले, आणि त्यांना जामीन राहिलेल्या धाकट्या दिराचं नाव थकबाकीदारांत गेलं. बिचाऱ्याचं टेंपोचं कर्ज तिथेच अडकलं. करायला गेला एक नि झालं भलतंच.

आज वसुलीचा साहेब स्वतःच्या पायांनी तडजोड घेऊन आला होता. बाकी सगळी माफ, जामीनही मोकळा. फक्त एक सही हवी: मशीन निर्दोष होतं आणि वहिनी याबद्दल पुन्हा कुठेही तक्रार करणार नाहीत. दिराच्या जिवात जीव आला. मनातल्या मनात त्याने टेंपो दारात उभा करून धुवायलाही घेतला.

वहिनींनी कागद सावकाश वाचला आणि अशी मशीनं आणखी कोणाला दिलीत, असं विचारलं. बऱ्याच जणींना, पण तुम्हाला काय त्याचं, असं साहेब म्हणाला. पलीकडच्या गल्लीतल्या तिघी याच मशीनपायी कंपनीशी भांडत होत्या. ही सही उद्या त्यांच्या तोंडावर फेकली जाणार, हे दिरालाही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

वहिनी उठल्या. गळकं छप्पर बदलायला साठवलेल्या पैशांचं पाकीट त्यांनी साहेबासमोर ठेवलं.

"सगळी बाकी घ्या आणि भावजींना मोकळं करा. पावतीवर लिहा, दावा मान्य नाही, तक्रार कायम ठेवून पैसे भरले. मशीन चांगलं होतं, असं मात्र मी लिहून देणार नाही."

अशी बाई आपल्या घरात आहे, याचा दिराला एकदम अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही. त्याने पाकीट उचलून वहिनींच्या हातात दिलं.

"हे छपराचे आहेत, वहिनी. माझं नाव राहू दे त्यांच्या यादीत."

साहेब कागद गुंडाळून गेला. दिराने टेंपो विकणाऱ्याला फोन करून व्यवहार मोडला. मग वहिनींसमोर बसून त्याने विचारलं, "बोला, तक्रारीत पहिलं काय घालायचं?"

वहिनींनी डोळे पुसले. "पहिलं तुमचं नाव. माझ्यापेक्षा तुमचं नुकसान मोठं आहे."